५०० किलोहर्ट्झच्या खाली ऐकायचंय, रिसीव्हर कोणता घ्यावा?

सातारी_कंदील | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय.

गेल्या डिसेंबरात वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर साफ करत होतो. गँगवरची (स्टेशन लावायच्या कंडेन्सरवरची) धूळ फुंकली, काटा अगदी डावीकडे टेकवला, ५३१ च्याही अलीकडे, तर खरखरीतून एक बारीक शिट्टी यायला लागली. मोर्स होतं. तीच दोन अक्षरं, पुन्हा पुन्हा. ओळखीच्या एका हॅम (हौशी रेडिओवाल्या) काकांना फोन लावून ऐकवलं. ते म्हणाले, "अरे, हा एनडीबी. विमानांना दिशा कळावी म्हणून लावलेला बिकन. याच्या खाली अख्खं गाव वसलंय, बघ." त्या दिवसापासून ते गाव बघायची ओढ लागली आहे.

राहायला कराडात, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते, मागितली तर मिळते. हॅमची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली आहे, निकाल यायचाय. तोवर नुसतं ऐकायचं. बजेट वीस-पंचवीस हजार. डोक्यात चार पर्याय आहेत: टेकसन पीएल-३३०, आरटीएल-एसडीआरचा डोंगल (एसडीआर म्हणजे लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने चालवायचा रिसीव्हर), एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी किंवा एसडीआरप्लेचा आरएसपीडीएक्स, आणि जुन्यात मिळाला तर आयकॉमचा आर-७५. यातला कोणता घेऊ? खाली उतरायला कोणता खरा उपयोगी?

रानपाखरू | सोमवार, रात्री १०:३०

लो फ्रिक्वेन्सी म्हणजे आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या डीजेचा बेस का? तो ऐकायला रिसीव्हर लागत नाही, खिडकीच्या काचा पुरतात. :)

सोल्डरगन | सोमवार, रात्री १०:४१

कंदील, आधी एक सांगा. घरात एलईडी बल्ब किती, आणि पंखे कोणते?

सातारी_कंदील | सोमवार, रात्री १०:४४

बल्ब सगळे एलईडी. पंखे दोन, गेल्या वर्षीच नवे बीएलडीसी बसवले. का हो?

सोल्डरगन | सोमवार, रात्री ११:२०

कारण तुमचा निम्मा धागा तिथेच सुटतो.

मी पुण्यात कोथरूडला राहतो. चार वर्षांपूर्वी तुमच्याच जागी होतो. पैसे साठवून चांगला एसडीआर घेतला, गॅलरीत वायर टांगली, लॅपटॉप उघडला. ५०० च्या खाली पूर्ण वॉटरफॉल (सगळ्या वारंवारता एकदम दाखवणारा पडद्यावरचा आलेख) पिवळाधमक. दर काही किलोहर्ट्झवर एक जाड उभा पट्टा आणि मधे घरघर. स्टेशन एकही नाही. महिनाभर रिसीव्हरलाच दोष देत होतो. मग एका गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. पडद्याकडे बघतोय तो पिवळा रंग वरून खाली निळा होत गेला, आणि त्या निळ्यात बारीक रेषा उगवल्या. एक, दोन, सात. काहींच्या दोन्ही बाजूंना मोर्सचे ठिपके. रिसीव्हर तोच, वायर तीच. अख्खी गल्ली अंधारात होती एवढाच फरक.

दुसऱ्या दिवसापासून घर तपासायला घेतलं. पद्धत साधी आहे. खिशातला ट्रान्झिस्टर मध्यम लहरींच्या खालच्या टोकाला, रिकाम्या जागी लावायचा. मेन स्विचपाशी एकाने उभं राहायचं आणि एकेक एमसीबी पाडत जायचं. घरघर कुठल्या एमसीबीला थांबते ते लिहून ठेवायचं. मग त्या खोलीत जाऊन प्रत्येक प्लगजवळ ट्रान्झिस्टर न्यायचा. माझ्याकडे पहिला चोर निघाला मोबाइलचा एक स्वस्त चार्जर, जो वर्षभर रिकामाच प्लगमध्ये बसला होता. दुसरा स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब. तिसरा इंटरनेटच्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर. तो बदलून साध्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जड अ‍ॅडॉप्टर लावला (तपकीर गल्लीत अजून मिळतात) आणि आवाज निम्म्याहून खाली आला.

या सगळ्यात आत स्विचिंगचा वीजपुरवठा असतो. तो काही दहा हजारांपासून लाखभर वेळा सेकंदाला चालू-बंद होतो, म्हणजे तुम्हाला जिथे ऐकायचंय नेमका तिथेच बसून ओरडतो. लघुलहरींवर याचा त्रास होतो, पण लांब लहरींवर त्याचं मूळ घरच आहे.

म्हणून माझं मत: पाच हजार घर शांत करायला आणि लूपला (वायरच्या वेटोळ्याच्या एरियलला) ठेवा, उरलेल्यात रिसीव्हर घ्या.

जहाजी_नाना | मंगळवार, सकाळी ६:०५

सोल्डरगन, तुमचं घराबद्दलचं सगळं पटलं. पण रिसीव्हर दुय्यम हे मला मान्य नाही.

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. आमचं आयुष्यच ५०० किलोहर्ट्झवर गेलं. ही जगाची संकटकालीन मोर्स वारंवारता. रेडिओ रूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर दोन लाल पाकळ्या रंगवलेल्या असायच्या, पंधराव्या ते अठराव्या आणि पंचेचाळिसाव्या ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाच्या. काटा लाल पाकळीत शिरला की ५०० वर सगळ्या जहाजांनी हात मोर्सच्या कीवरून उचलायचा. तीन मिनिटं फक्त कान. का, तर कुठेतरी एखादं बुडतं जहाज क्षीण बॅटरीवर हाक देत असेल, ती गर्दीत हरवू नये. रात्री अरबी समुद्रात गर्दीच्या वेळी पन्नास स्टेशनं एकदम बोलत असायची, आणि त्या मिनिटाला सगळं गप्प. मुंबईचं किनारा केंद्र, व्हीडब्ल्यूबी, तेही गप्प. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांना उपग्रहाची नवी व्यवस्था बंधनकारक झाली आणि ते कान मिटले.

सांगायचा मुद्दा, त्या तीन मिनिटांत जे ऐकू यायचं ते चांगल्या रिसीव्हरमुळे. चारशे-पाचशे हर्ट्झचा अरुंद फिल्टर, स्थिर ऑसिलेटर आणि शेजारच्या जबरदस्त सिग्नलने न गुदमरणारा पहिला टप्पा. हे तिन्ही आर-७५ मध्ये आहे. तो ३० किलोहर्ट्झपासून ऐकतो. अरुंद फिल्टर वेगळा बसवलेला असतो, तो आहे का हे घेताना विचारा. बटण फिरवत खाली खाली जाण्यात जे सुख आहे ते उंदराने टिचक्या मारून येत नाही. हे माझं प्रामाणिक मत आहे.

सोल्डरगन | मंगळवार, सकाळी ९:१५

नाना, दंडवत. लाल पाकळ्यांचं घड्याळ आजवर फोटोतच बघितलंय.

गुदमरण्याचा मुद्दा बरोबर आहे, तो मी सोडून दिला होता. पुण्यात आकाशवाणीचा ७९२ चा सिग्नल इतका दणकट की साध्या डोंगलला त्याच्याखाली काही सुचत नाही. केंद्राचा यात काही दोष नाही, डोंगलच्या तोंडाशी गाळणी नसते म्हणून असं होतं. ५०० च्या वरचं कापणारा लो-पास फिल्टर मधे लावला तर बराच फरक पडतो. कराडात एवढं दणकट जवळ काही नसावं.

आरटीएल-एसडीआरच्या व्ही-३ डोंगलमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंग (खालच्या वारंवारता थेट वाचायची सोय) असतं, पण त्याची हमी ५०० किलोहर्ट्झपासून वर, आणि आतला कन्व्हर्टर ८ बिटचा. म्हणजे कंदिलांना जिथून खाली उतरायचंय तिथे त्याची पायरी संपते. तो या यादीतून काढाच.

मालवणी_सुरंगी | मंगळवार, सकाळी १०:५०

पीएल-३३० बद्दल एक बारीक गोष्ट, कारण तो माझ्याकडे आहे आणि खूप लाडका आहे. लांब लहरी १५३ ते ५१३, आणि मध्यम लहरी ९ च्या पायरीवर ५२२ पासून. मधली ५१४ ते ५२१ ची फट त्याच्या डायलवर नाहीच. आणि नेमकं त्या फटीत, ५१८ वर, नॅव्हटेक्स आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: नॅव्हटेक्स म्हणजे समुद्रावरच्या बोटींना टंकलिखित हवामान आणि धोक्याच्या सूचना. ५१८ वर जगभर इंग्रजीत, ४९० वर स्थानिक. प्रत्येक केंद्राला एक अक्षर आणि दर चार तासांनी दहा मिनिटं. मुंबईचं अक्षर जी. त्यामुळे आपल्या वेळेने सकाळी साडेसहा, साडेदहा, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेदहा आणि पहाटे अडीच. आमच्या वेंगुर्ल्यालाही दीपगृह खात्याचं नॅव्हटेक्स केंद्र आहे.

माझा भाऊ मच्छीमारीच्या बोटीवर जातो. वादळाच्या दिवसात मी घरी बसून ५१८ वाचते. पडद्यावर एकेक अक्षर उमटतं, किचकीच आवाजासोबत. एखादं अक्षर गळतं, तिथे चांदणी येते. मोबाइलवरही अंदाज येतो हे ठाऊक आहे. पण बोटीला जे शब्द मिळणार तेच शब्द, त्याच वेळी, त्याच हवेतून मला मिळतात, म्हणून मी हेच वाचते.

रिसीव्हर म्हणाल तर यासाठी मी आरएसपीडीएक्स वापरते. यूएसबीत (अप्पर साइडबँड पद्धतीत, वायरची यूएसबी नव्हे) ५१७ लावायचं, म्हणजे सूर हजार हर्ट्झवर येतो, आणि एफएलडिजी हे फुकट सॉफ्टवेअर त्याचं वाचन करतं.

रानपाखरू | मंगळवार, सकाळी ११:०२

सुरंगीताई, हे वाचून अंगावर काटा आला. भाऊ सुखरूप असो.

चांदणी_रात | मंगळवार, दुपारी ३:३५

मी नाशिकला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कंदील, तुम्ही खाली उतरायचं म्हणताय तर तळापर्यंत उतरा. आणि त्यासाठी रिसीव्हरच लागत नाही.

लॅपटॉपचं साउंडकार्ड सेकंदाला ४८ हजार नमुने घेतं, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं ते थेट ऐकू शकतं. फक्त त्याला कानाऐवजी वायरचं वेटोळं द्यायचं. आम्ही विद्यार्थ्यांबरोबर लाकडी पट्ट्यांचा अधिक चिन्हासारखा सांगाडा केला, साधारण दोन फुटी, आणि त्यावर मोटर वाइंडिंगवाल्याकडची एनॅमलची वायर ५० वेढे गुंडाळली. दोन टोकं छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून माइकच्या पिनेत. वॉटरफॉल लावला आणि १८.२ वर एक रुंद, सलग पट्टा उभा राहिला. तो व्हीटीएक्स. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचं नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन, १९९० पासून कार्यरत. पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलायला इतकी लांब लहर लागते, कारण तीच समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरते. लहरीची लांबी करा हिशोब: साडेसोळा किलोमीटर! जरा वर १९.८ ला ऑस्ट्रेलियाचं एनडब्ल्यूसी. संदेश सांकेतिक असतात, ते आपल्यासाठी नाहीतच. आपल्याला फक्त त्यांची ताकद मोजायची.

ती मोजून काय मिळतं? सूर्य मिळतो. दिवसा या लहरी आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या) सगळ्यात खालच्या थराला आपटून येतात. सूर्यावर ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोहोचतात, तो थर बदलतो आणि आलेख टणकन उडी मारतो. मग तास-दोन तासांत हळूहळू खाली. १० मे २०२४ ला आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास मोठी ज्वाला झाली होती. मुलं सुट्टीत घरी गेलेली, प्रयोगशाळेत मी एकटी. समोरची रेष गेला तासभर सरळ चालली होती. ती चार मिनिटांत भिंत चढावी तशी चढली. त्याच रात्री लडाखच्या आकाशात लाल उजेड दिसला, तो त्याआधीच्या दिवसांतल्या ज्वालांनी फेकलेल्या वादळाचा. मी मुलांना आलेखाचा फोटो पाठवला. एकीने लिहिलं, "मॅडम, आपल्या लाकडाच्या पट्ट्यांनी सूर्य बघितला."

रात्री तोच सांगाडा गावाबाहेर, विजेच्या तारांपासून लांब न्या आणि हेडफोनवर ऐका. लांबच्या विजांची तडतड येते, लाह्या फुटल्यासारखी. मधेच एखादी तड लांबते आणि तिचा सूर खाली घसरतो, ट्युंऽक. तिला ट्वीक म्हणतात. जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून ती वीज हजारो किलोमीटर घरंगळत आलेली असते.

खोडदचा_वारा | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

अवांतर: आमच्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० थाळ्या. तिथली शास्त्रज्ञ मंडळी ज्याला 'लो फ्रिक्वेन्सी' म्हणतात ते १५० मेगाहर्ट्झ. तुम्ही सगळे त्यांच्या हिशोबाने तळघरात नाही, पार विहिरीत उतरलेले आहात. :)

जहाजी_नाना | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

चांदणीताई, सलाम. ती चार मिनिटं मला बघायला आवडली असती.

अदिती_माइनकाठ | बुधवार, रात्री १:२० (आमच्याकडे अजून मंगळवारच)

मी फ्रँकफुर्टला राहते, मूळची सांगलीची. इथे लांब लहरी घराघरात शिरल्या आहेत आणि कुणाला पत्ताही नसतो. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ रोज रात्री आपोआप स्वतःला जुळवून घेतं. ते ऐकतं डीसीएफ-७७, ७७.५ किलोहर्ट्झ. त्याचे मनोरे माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, माइनफ्लिंगेनला. दर सेकंदाला लहरीची ताकद क्षणभर उतरते, सेकंदाचा दहावा भाग उतरली तर शून्य आणि पाचवा भाग उतरली तर एक. मिनिटभरात वेळ आणि तारीख दोन्ही. एकोणसाठाव्या सेकंदाला ती उतरत नाही, त्या मुक्या ठोक्यावरून घड्याळाला कळतं की पुढचा ठोका नव्या मिनिटाचा. मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करायची असतात त्या रात्री मी मुद्दाम जागते. दोनला काटे स्वतःहून गरगरत तीनवर जातात.

इथली लांब लहरींवरची बोलणारी स्टेशनं मात्र एकेक करून मिटली. जर्मनीचं १५३ वरचं केंद्र २०१४ च्या शेवटच्या दिवशी बंद झालं. फ्रान्सचं १६२ वरचं २०१६ च्या शेवटी बोलायचं थांबलं, पण त्याचा वेळेचा संकेत चालू ठेवलाय. कंदील, तुम्हाला भारतातून वेळेचे संकेत शोधायचे तर चीनचं ६८.५ आणि जपानचं ४० व ६० हे हिवाळ्यातल्या रात्री बघा.

आणि घ्यायच्या आधी एक फुकट उपाय. जगभर लोकांनी आपले रिसीव्हर इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. किवीएसडीआर जवळजवळ तळापासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत ब्राउझरमध्ये ऐकवतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २००८ पासून आहे. चार रात्री तिथे घालवा. नॅव्हटेक्स कसा वाजतो, एनडीबी वॉटरफॉलवर कसा दिसतो, हे डोळ्यात आणि कानात बसलं की मग स्वतःच्या घरातल्या गोंगाटात ते ओळखता येतं. कान तयार नसेल तर कुठल्याही यंत्रावर खरखरच दिसते.

सोल्डरगन | बुधवार, सकाळी ८:४०

अदिती, +१. हे मी आधी सांगायला हवं होतं.

गोंगाटावरून आठवलं. हे दुखणं आजचं नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मग शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. त्या विजेने उपकरणांचे काटे बिघडणार हे ओळखून नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, १९०४ मध्ये. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका तुटू नये. विजेची ट्राम १९०७ ला धावली. अलिबागची मोजणी आजही चालू आहे. आपण एमसीबी पाडत फिरतो ते त्याच घराण्यातलं काम आहे.

नव्या_पेठेतला | बुधवार, सकाळी ९:५५

धागा भरकटला. त्यांनी विचारलंय रिसीव्हर कोणता, आपण ट्राममध्ये बसून अलिबागला पोहोचलो.

सोल्डरगन | बुधवार, सकाळी १०:३०

बरोबर. मुद्द्यावर येतो.

एचएफ प्लस डिस्कव्हरी अर्ध्या किलोहर्ट्झपासून ३१ मेगाहर्ट्झपर्यंत, शिवाय वर ६० ते २६०. आरएसपीडीएक्स १ किलोहर्ट्झपासून थेट २ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि २ मेगाहर्ट्झखाली त्याला वेगळी एचडीआर पद्धत. फक्त ऐकायला आणि फक्त खाली, तर मी डिस्कव्हरी घेईन. दणकट स्टेशनांजवळ तो शांत राहतो, हा माझा अनुभव. पुढेमागे विमानं, उपग्रह असं सगळं हवं असेल तर आरएसपीडीएक्स. नानांचा आर-७५ आता नवा बनत नाही. जुन्यात घ्यायचा तर बघून, लावून, तासभर तापू देऊन घ्या. नुसत्या फोटोवर नको.

एरियलबद्दल: उंच काठीवरचा मिनी-व्हिप लोकप्रिय आहे, पण तो इमारतीचा गोंगाटही प्रेमाने गोळा करतो. फ्लॅटवाल्याने लूप घ्यावा. लूपला दोन दिशांनी ऐकू येतं आणि दोन दिशांनी तो बहिरा असतो. शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरकडे त्याची बहिरी बाजू वळवायची. मीटरभराचा चौकोन, दहा-बारा वेढे, गँग कंडेन्सरने जुळवायचा. गँग तुमच्या वडिलांच्या सेटमधला काढू नका, जुन्या बाजारात मिळतो.

जहाजी_नाना | बुधवार, दुपारी १२:१५

लूप आणि दिशा याबद्दल एकशे एक टक्के सहमत. जहाजावर आमचा डीएफ (दिशा शोधायचा) लूपच होता. सूर नाहीसा होतो ती रेघ नकाशावर ओढायची.

आर-७५ वरून मात्र मी हटत नाही. एसडीआर घेतला की त्याबरोबर लॅपटॉप आला, त्याचा चार्जर आला, यूएसबीची वायर आली, आणि यातलं प्रत्येक घरघरतं.

मालवणी_सुरंगी | बुधवार, दुपारी १:०५

नाना, लॅपटॉप बॅटरीवर ठेवायचा आणि यूएसबी वायरला दोन्ही टोकांना फेराइटचे क्लिप लावायचे. माझी घरघर गेली. शिवाय वॉटरफॉलवर अख्खा पट्टा एकदम दिसतो. ज्या एनडीबीचा सूर कानाला लागत नाही त्याची रेष डोळ्याला दिसते. तुमच्या कानांना ती गरज नसेल, आम्हा नवशिक्यांना असते.

जहाजी_नाना | बुधवार, दुपारी १:४०

हे मान्य करतो. तरुण कानांना मदत हवी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. क्लिपचं नाव लिहून ठेवलं.

चांदणी_रात | बुधवार, दुपारी ४:२०

हंगामाचंही बघा. वळवाच्या पावसापासून परतीच्या पावसापर्यंत विजांची तडतड सगळं झाकून टाकते. एनडीबी आणि लांबची स्टेशनं दिवाळी ते होळी. नॅव्हटेक्स जवळचा, तो बाराही महिने. आणि एनडीबी शोधताना सीडब्ल्यूत (मोर्स ऐकायच्या पद्धतीत) मूळ वारंवारतेवर नाही, तिच्या सुमारे १०२० हर्ट्झ वर किंवा खाली लावा. ओळखीचं मोर्स तिथे असतं.

रानपाखरू | बुधवार, संध्याकाळी ५:००

हे ऐकणं चालतं का कायद्याने? पाणबुड्या वगैरे वाचून धास्ती वाटली.

जहाजी_नाना | बुधवार, संध्याकाळी ५:४५

आमच्या व्यवसायात पहिल्या दिवशी शिकवलं जायचं ते सांगतो: जे आपल्यासाठी नाही ते कानावर पडलं तरी कुणाला सांगायचं नाही, लिहायचं नाही, वापरायचं नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतही हेच आहे. नॅव्हटेक्स, वेळेचे संकेत, बिकन हे सगळ्यांसाठीच असतात, ते मनसोक्त ऐका. आणि एक शब्दही हवेत सोडायचा तर परवाना हवाच, म्हणून कंदिलांनी परीक्षा दिली ते फार चांगलं केलं.

सातारी_कंदील | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:१०

मंडळी, उशिरा आलो. माफी असावी.

तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने केलं. चार रात्री किवीएसडीआरवर. मग एक रविवार एमसीबी पाडण्यात. बायको मेन स्विचपाशी, मी ट्रान्झिस्टर घेऊन. आमचा चोर पंखे नव्हतेच, पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राचा अ‍ॅडॉप्टर निघाला. मग चांदणीताईंचा सांगाडा. गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याने वायरचे पैसे घेतले नाहीत, म्हणाला लागलं तर दाखवायला ये. १८.२ चा पट्टा दिसला तेव्हा त्याला बोलावून दाखवला. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

रिसीव्हर: डिस्कव्हरी घेतला. साताऱ्याच्या एका हॅमकडून, वापरलेला, त्यांच्याच घरी तासभर लावून बघून. नाना, आर-७५ सुद्धा त्यांच्याकडे होता. अर्धा तास फक्त बटण फिरवत बसलो. तुम्ही म्हणता ते सुख खरं आहे. पण तो ते विकत नव्हते.

आज सेक्रेटरींकडून किल्ली घेतली, लूप गच्चीवर नेला. साडेदहाला ५१७ लावून बसलो. एक मिनिट काहीच नाही, मग किचकीच सुरू झाली आणि पडद्यावर उमटलं: झेडसीझेडसी, मग जी, मग ई. जी म्हणजे मुंबई, ई म्हणजे हवामानाचा अंदाज. तीन ओळींत चार चांदण्या. उरलेलं सगळं स्वच्छ. शेवटी चार एन आले आणि थांबलं. सुरंगीताई, समुद्र शांत आहे म्हणत होते.

त्यानंतर वडिलांच्या ट्रान्झिस्टरवरची ती दोन अक्षरं शोधली. आहेत. लूप हळूहळू फिरवला, सूर एका जागी नाहीसा झाला. उद्या होकायंत्र घेऊन जाणार आहे आणि नाना म्हणतात तशी नकाशावर रेघ ओढणार आहे. दुसरी रेघ कुणाकडून मिळेल का?

मालवणी_सुरंगी | रविवार, रात्री ११:१८

शांतच आहे. भाऊ घरी जेवून झोपलाय. दुसरी रेघ मी देते, अक्षरं आणि वारंवारता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

जहाजी_नाना | सोमवार, सकाळी ६:२२

तिसरी माझी. नकाशा काढून ठेवलाय, पेन्सिलीला टोक केलंय. कंदील, आठ मिनिटांत साडेसहाचा नॅव्हटेक्स आहे, उठला असाल तर लावा. मीही लावतोय.